चार भोकांचं बटण

माझी बायको गेली, आणि पुढच्याच आठवड्यात कोणीतरी तिचा अंगठा काढून टाकला.

फोटोतला अंगठा. इंटरनेटवर एक मोफत ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लिहू शकतं आणि दुसऱ्यानं लिहिलेलं कोणीही बदलू शकतं. पगार कुणालाच नाही. माझी बायको शिवणकाम करायची आणि उरलेल्या वेळात तिथे लिहायची. तिथलं तिचं नाव ‘सुईदोरा’. शिलाई मशीनच्या शेजारीच कॉम्प्युटर होता. एकाच खुर्चीवरून दोन्ही कामं चालायची, नुसतं वळून बसायचं. ‘बटण’ नावाच्या पानावर सगळ्यात वर तिनं काढलेला फोटो होता. चार भोकांचं पांढरं बटण आणि ते धरलेला तिचा डावा अंगठा. सुया टोचून टोचून त्याच्या टोकाची कातडी जाड झाली होती.

मी फ्रिज दुरुस्त करतो. त्या कॉम्प्युटरला मी कधी हात लावला नव्हता. मेहुणी म्हणाली होती, तो विकून टाका, खोली मोकळी होईल. चालतो का बघावं म्हणून सुरू केला तर ज्ञानकोश आपोआप उघडला, तिच्याच नावानं. वरच्या कोपऱ्यात लाल खूण होती. तिच्यासाठी निरोप आला होता.

“सुईदोरा, बटणाच्या पानावर संग्रहालयातला दोन भोकांच्या बटणाचा फोटो टाकला आहे. तुमच्या फोटोत बटणापेक्षा अंगठाच जास्त दिसतो. अंगठ्याचं पान वेगळं आहे, हवं तर तिकडे न्या.” खाली नाव होतं, ‘पोटमाळा’.

माझं डोकंच फिरलं. एका शब्दानंही उत्तर देता येणार नाही अशा बाईशी हा माणूस अशी मस्करी करतोय! मग लक्षात आलं, त्याला माहीत नाही. पानाच्या इतिहासात गेलो. प्रत्येक बदलापुढे तिथे ‘उलटवा’ असं लिहिलेलं असतं. दाबलं. दोन भोकांचं बटण गेलं, अंगठा परत आला.

बंद पडलेला फ्रिज चालू झाला की आतला दिवा लागतो. तसं काहीतरी झालं मला.

संध्याकाळपर्यंत त्यानं पुन्हा बदललं. सोबत दोन ओळी. “जित्याची खोड! उलटवता काय, चर्चा पानावर या. आणि तब्येत कशी आहे?”

जित्याची खोड. मी पुन्हा उलटवलं.

तिथले नियम मला हळूहळू कळले. एका दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की तुम्हाला गप्प करतात. भांडायचं तर चर्चा पानावर भांडायचं. प्रत्येक पानाला असं एक मागचं पान असतं, परसदारासारखं. मतं मोजत नाहीत, मुद्दे बघतात, आणि बऱ्याच जणांना पटेल ते ठेवतात. त्याला सहमती म्हणतात. समोरच्याच्या मनात वाईट नाही असं धरून चालायचं, हा सगळ्यात मोठा नियम. हे सगळं सांभाळायला प्रचालक असतात. प्रचालक म्हणजे बिनपगारी हवालदार. कुणाचं लिहिणं बंद करायचं ते त्यांच्या हातात.

मी एका बोटानं टाइप करून चर्चा पानावर लिहिलं, “फोटो राहील.”

पोटमाळ्यानं भलंमोठं उत्तर दिलं. मोजमाप कळत नाही, सावली पडली आहे, बोटाचा काही संबंध नाही. मी लिहिलं, “संबंध आहे. बटण बोटानंच लावतात.” यावर वाटेवरचे दोन-चार जण आले. एकाला माझा मुद्दा आवडला. एक म्हणाला, “सुईदोराताई, फार दिवसांनी! मधला मार्ग काढू. फोटो कापा. बटण ठेवा, अंगठा छाटून टाका.”

मी लिहिलं, “तुमचा छाटते.”

लगेच ताकीद आली. पण ताईलाच आली ना! माणसं तिला हाका मारत होती, रागावत होती, समजावत होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दुकानाचं शटर ओढायचो आणि घरी येऊन बसायचो. आज कोण काय म्हणालं असेल, या विचारानं जेवण जायला लागलं होतं.

अशाच एका दुपारी मेहुणी गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे न्यायला आली. माझ्या मागे उभी राहून तिनं वाचलं.

“भाऊजी, हे काय? ताईच्या नावानं लिहिताय?”

“भांडण तिचं आहे. अर्धवट कसं सोडू?”

“ती असताना कधी डोकावलात या खोलीत? आता म्हणे तिचं भांडण. मेलेल्या म्हशीला मणभर दूध.”

“तू कपडे न्यायला आलीस ना? ने.”

“नेते. पण त्या लोकांना सांगून टाका ती गेली म्हणून. माणसंच आहेत ती. चार चांगले शब्द लिहितील आणि आपल्या कामाला लागतील.”

“म्हणूनच नाही सांगत. सांगितलं की खातं बंद करतात, नावाला काळी चौकट लावतात. मी बघितलंय एकाचं. त्यानंतर त्याला कोणी काही म्हटलेलं नाही. एक अक्षर नाही.”

“आणि हा पोटमाळा कोण?”

“शत्रू आहे.”

“तो पोटमाळा आणि तुम्ही तळघर,” ती म्हणाली. “मधल्या घरात कोणीच राहत नाही वाटतं.” पिशवी उचलून ती गेली. कॉम्प्युटर विकायचं पुन्हा बोलली नाही.

पोटमाळा मात्र बदलत चालला होता. मुद्दे मांडायचं त्यानं सोडलं होतं. मी काही लिहिलं की तो विचारायचा, “हे तुम्हीच लिहिलंत का?” मी म्हणायचो, “मग कोण?” एकदा त्यानं विचारलं, “मागच्या वर्षी काजाच्या टाक्यावरून आपलं वाजलं, तेव्हा शेवटी काय ठरलं होतं?” मी लिहिलं, “विषयाला धरून बोला.” वाटेवरच्यांनी माझीच बाजू घेतली. कुणाची अशी परीक्षा घेऊ नये म्हणाले.

मग त्यानं सगळ्यांसमोर, त्याच चर्चा पानावर, लिहिलं.

“सुईदोरांना मी बरीच वर्षं ओळखतो, तेही इथल्याच भांडणांतून. पुरावा दिल्याशिवाय त्या एक वाक्य लिहीत नाहीत आणि न बोलता कुणाचं उलटवत नाहीत. इथे लिहिणारी व्यक्ती त्या नाहीत. ऑपरेशनला जाण्याआधी त्यांनी मला खासगीत कळवलं होतं. त्यांचं वाक्य असं होतं, ‘दोन भोकांचा फोटो तुम्ही टाकून ठेवा, तोच चांगला आहे, पण मी परत आल्यावर भांडायला काहीतरी हवं.’ म्हणून मी तो टाकला. त्या परत आल्या नाहीत अशी मला भीती वाटते. त्या वारल्या असाव्यात. जो कोणी हे खातं वापरतो आहे त्यानं एवढंच सांगावं. मला दुसरं काही नको.”

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तिला परत यायचं होतं. परत येऊन काय करायचं तेही ठरलं होतं, आणि ते तिनं या माणसाला सांगितलं होतं. मला निघताना म्हणाली होती, गॅस बघून कुलूप लाव.

त्याला खरं सांगायला एक ओळ पुरली असती. मी खुर्चीत बसून राहिलो.

तासाभरात पानावर आरडाओरडा सुरू झाला, आणि तो सगळा त्याच्यावर. बाईंचं आजारपण चव्हाट्यावर आणता? खासगी पत्र छापता? एका फोटोसाठी जिवंत माणसाला मारून टाकता? वाद हरायला लागलात म्हणून? एकाला जरी वाटलं असतं की बघू या, काय म्हणतोय तो! पण समोरच्याच्या मनात वाईट नाही असं धरून चालायचं असतं, आणि इथे समोरची म्हणजे मी होतो.

प्रचालक आला. त्यानं पोटमाळ्याचं लिहिणं झाकून टाकलं आणि माझ्या, म्हणजे तिच्या पानावर निरोप ठेवला. “सुईदोराताई, झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं. पोटमाळा जुने सदस्य आहेत, म्हणून निर्णयाआधी तुम्हाला विचारतो. तुम्हाला याचा त्रास झाला का? तुम्ही सोडून द्या म्हणालात तर ताकीद देऊन मिटवतो.”

मी हात धुऊन आलो. मग लिहिलं, “खूप त्रास झाला. मी बरी आहे. घरी आहे. यांनी मला मेलेली म्हटलं. हे बरेच दिवस माझ्या मागे लागले आहेत. मला यांची भीती वाटते.”

एका बोटानं लिहायला वेळ लागला, पण एकही चूक झाली नाही.

पोटमाळ्याला कायमचं बंद केलं. बंद केलेल्या माणसाला फक्त स्वतःच्या पानावर लिहिता येतं, दाद मागायची असली तर. मी बघायला गेलो. शिव्या असतील असं वाटलं होतं. त्यानं दाद मागितली नव्हती. एवढंच लिहिलं होतं, “सुईदोरा, तुम्ही बऱ्या आहात हे वाचलं. मग माझं काय झालं ते झालं. फोटो राहू द्या.”

त्याला हे खरंच वाटलं होतं. मला हसू आलं. मग उठून खिडकी उघडली, खोलीत कोंदट झालं होतं.

फोटो राहिला. चर्चेखाली प्रचालकानं ‘सहमती झाली, वाद मिटला’ असं लिहून रेघ मारली.

त्यानंतर काही नाही. मी दुपारी यायचो, लाल खूण बघायचो. नसायची. बटणाच्या पानाकडे कोणी फिरकेना. मी दुसऱ्या पानांवर जाऊन तिच्या नावानं खोड्या काढल्या, इथला शब्द तिकडे केला. लोक गुपचूप नीट करायचे आणि निघून जायचे. बिचारीला फार त्रास झालाय, तिच्याशी नीट वागा, असं त्यांनी आपसात ठरवलं असावं. तिच्याशी भांडायचा दम असलेला एकच माणूस होता.

मग मी तिच्या खात्यातून बाहेर पडलो. नाव न घेताही तिथे लिहिता येतं. नावाच्या जागी तुमच्या घरच्या इंटरनेट जोडणीचा आकडा दिसतो, एवढंच. बिननावानं मी दोन भोकांचं बटण परत आणलं. मिनिटभरात कोणीतरी ते काढलं. ‘सहमतीविरुद्ध’ असा शेरा मारला आणि तिला कळवलंसुद्धा नाही.

तेव्हा मी तिच्या पानावर गेलो आणि लिहिलं, “तुझा अंगठा घाणेरडा आहे.” कोणी काही बोलेना, म्हणून आणखी लिहिलं. तिच्या शिवणाबद्दल लिहिलं. तिच्या दिसण्याबद्दल लिहिलं. शेवटी लिहिलं की ती मेली तर बरं होईल. आता तरी कोणी तिच्या बाजूनं उभं राहील, ताई तुम्ही लक्ष देऊ नका म्हणेल, आणि मी तिच्या नावानं उत्तर देईन.

चहा करून आलो आणि तिच्या नावानं आत गेलो. माझं सगळं लिहिणं पुसलेलं होतं. उत्तर द्यायला काही उरलंच नव्हतं. तरी मी लिहायला घेतलं, “मी बघितलं ते,” आणि बटण दाबलं. शब्द जाईनात. पडद्यावर पाटी आली.

“या जोडणीवरून लिहिणं बंद करण्यात आलं आहे. सदस्य आत आलेला असला तरीही. मुदत: कायम. कारण: सुईदोरा यांना त्रास दिल्याबद्दल.”

खाली लिहिलं होतं, चूक झाली असं वाटत असेल तर प्रचालकाला कळवा, आणि या घरात कोण कोण राहतं ते सांगा.