आगळाच्या नावाने आलेला थर्मास

मी थर्मास बोलतोय, पण मला बोलायची सवय नाही. आत काय आहे ते बाहेर कळू द्यायचं नाही, यासाठीच मला घडवलंय. माझ्या पोटात काचेच्या दोन भिंती आहेत आणि त्या दोघींच्या मध्ये काहीही नाही. त्या काहीही-नाहीवर माझं सगळं काम चालतं. बाहेरून कितीही हात फिरवा, आत बर्फ आहे की वाफाळता चहा, कळणार नाही. माणसांना हे जमत नाही. त्यांचं आतलं चेहऱ्यावर येतं, आणि नाही आलं तर शेजारी ते शोधून काढतात.

रत्नागिरीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी बरेच दिवस धूळ खात होतो. रुंद तोंडाचा, निळ्या अंगाचा. मला तसनीमच्या अम्मीने घेतलं. पेज न्यायची असेल, असं दुकानदाराला वाटलं. घरी गेल्यावर माझ्यात बर्फ भरला आणि कापसात गुंडाळून इन्सुलिनच्या छोट्या बाटल्या ठेवल्या. तसनीमला कोवळ्या वयातच मधुमेह झाला होता, रोज सुई घ्यावी लागणारा. औषध थंड हवं आणि गावच्या लाईटीचा भरवसा नाही, म्हणून मी.

तिने बी.ए. केलं, इंग्रजी घेऊन बी.एड. केलं, ते माझ्यासमोर. ती मुळात कमी बोलणारी. आमचं जमलं त्याचं कारण तेच असावं.

लग्न ठरताना तिच्या अब्बांनी मुलाला सगळं सांगितलं होतं. मुलगा जियाद. कतारला रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये टेक्निशियन. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सुई फार दुखते का?" तसनीमने तिथेच होकार दिला. पण निकाहनंतर तो म्हणाला, "आमच्या घरात मात्र बोलू नको. नवरी आजारी निघाली म्हणून गावभर होईल."

असा मी दोह्याला आलो, नव्या नवरीच्या बॅगेत, साड्यांच्या मध्ये.

दोह्याच्या अल मुंतझा वस्तीत फ्लॅट होता. जियादचा मोठा भाऊ, त्याची बायको नफिसाभाबी आणि हे दोघं. जियाद पहाटेच कंपनीच्या बसने शिफ्टला जायचा. मी बेडरूममध्ये कपाटामागे. तसनीम रोज सकाळी फ्रीजमधला बर्फ माझ्यात ओतायची.

"काय गो, बर्फाचा ट्रे रोज कोण रिकामा करता?" भाबीने विचारलं.

"मी, भाबी. मला पाणी थंड लागतं."

"हिला दोह्याला नाय, काश्मिरात द्यायला हवी होती!"

इथल्या डॉक्टरकडे का जात नव्हती, असं तुम्ही विचाराल. कंपनीच्या दवाखान्यात समोर बसणारा क्लार्क जियादच्या शेजारच्या गावचा. त्याला नुसता खोकला सांगितला तरी खेडच्या एसटी स्टँडवर कळायचं. म्हणून औषध माहेरून यायचं, कुणाच्या तरी हाती. दोह्यातल्या कोकणी घरांतून सुट्टीवर निघालेलं माणूस स्वतःचं सामान कमी आणि दुसऱ्यांची पार्सलं जास्त वाहतं, जाताना आणि येताना.

त्या वर्षी भाबीच गावी निघाली. तसनीमने मला तिच्यापुढे ठेवलं.

"भाबी, हा नेता का? अम्मी कोकमाचं आगळ भरून देईल."

"आगळ इथे दुकानात मिळता की."

"आमच्या घरचं वेगळं असतं."

"असेल बाय. माहेरचा खारटसुद्धा गोड लागता."

भाबी गावी असताना तसनीमने जाहिरात वाचली. अल दुहैल भागातल्या एका शाळेला इंग्रजी शिकवणारी हवी होती. अर्जाचं शेवटचं पान तब्येतीचं. पूर्वी कोणते आजार झाले, आता कोणते आहेत, कोणती औषधं चालू आहेत.

"काही नाही, असं लिही," जियाद म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

"वर्गात चक्कर आली तर?"

"कशाला येईल?"

ते पान तिने कोरं ठेवलं. हे मला नंतर कळलं. मी तेव्हा रत्नागिरीत होतो. अम्मीने माझ्यात नव्या बाटल्या ठेवल्या, बर्फ भरला, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली आणि भाबीला सांगितलं, "उघडू नका हां, आगळ सांडेल." भाबी सरळ मनाची. तिने उघडलं नाही. विमानतळावर कस्टमवाल्याने माझ्यावर बोट ठेवलं, तेव्हा तिने तोंड आंबट करून दाखवलं, म्हणाली, "कोकम, कोकम," आणि तो हसून बाजूला झाला.

घात झाला तो दोह्याच्या घरात. भाबी पोचली तेव्हा तसनीम अर्ज द्यायला शाळेत गेली होती. आता इकडे गावाहून काही आलं की ते आधी पॅसेजमधल्या मोठ्या डीप-फ्रीजरमध्ये जातं. मग सुरमई असो, ओलं खोबरं असो, आमरस असो. भाबीने सगळं भरलं आणि सुरमईच्या डोक्याशेजारी मलाही उभं केलं.

बाहेरची थंडी मी काही वेळ अडवू शकतो. कायमची नाही.

तसनीम आली. फ्रीजरचं झाकण उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं.

"भाबी, थर्मास आला ना?"

"आला ना! फ्रीजरात ठेवलाय नीट. आता ईदेलाच काढू, मस्त सोलकढी करू."

तसनीमने मला तिथल्या तिथे बाहेर काढायला हवं होतं. पण त्या दिवशी घरात जत्रा. ज्यांची ज्यांची पार्सलं आली होती ते सगळे न्यायला आले आणि भाबी फ्रीजरशेजारी खुर्ची टाकून वाटत बसली. आगळ गारठलं म्हणून एवढी घाई कशाला, असं भाबीने सगळ्यांसमोर विचारलं असतं. ती सरबताचे ग्लास फिरवत राहिली. औषध गोठतंय हे तिला माहीत होतं, मलाही.

दुसऱ्या दिवशी भाबी आंघोळीला गेली तेव्हा तिने मला काढलं. एक बाटली तडकली होती. उरलेल्या वितळल्यावर तिने खिडकीशी धरून पाहिल्या. पाण्यासारख्या स्वच्छ औषधात तुकडे तरंगत होते. जुन्या बाटलीत त्या दिवसापुरतं होतं, आणि त्याच दिवशी, अर्ज देतानाच ठरलेली, शाळेतली मुलाखत आणि वर्गावरचा नमुना पाठ. त्या बाटल्या तिने परत माझ्यात ठेवल्या, मला कापडी पिशवीत घातलं आणि निघाली.

शाळेच्या दारातच क्लार्कचं टेबल. समोर खुर्च्यांवर पालक, ड्रायव्हर, आणखी दोन उमेदवार बाया.

"मॅडम, मेडिकलचं पान कोरं आहे," क्लार्क हिंदीत म्हणाला, तेही खड्या आवाजात. "सांगा, मीच भरतो. काही आजार वगैरे?"

खुर्च्यांवरचे सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"नर्स कुठे बसतात?" तसनीमने विचारलं.

नर्स लूर्द. वयाने मोठी, अंगाने जाड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आधी इंग्रजीत बोलली, मग तसनीमचं गाव ऐकून म्हणाली, "मग मराठीत बोल की! मी वसईची, बाय." तिने माझं झाकण उघडून बाटली उजेडात धरली.

"हा पराक्रम कोणाचा?"

"माझ्या जावेचा. तिला वाटलं आगळ आहे."

लूर्द मोठ्याने हसली. मग एकदम थांबली. "हे मेलं औषध. टोचू नको. सकाळी काय घेतलंस?"

"जुन्या बाटलीतलं. आजचं भागेल."

लूर्दने तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली आणि एका डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. "इथून थेट तिकडे जा. बाईमाणूस आहे, बाहेर कुणाला बोलणार नाही."

तसनीमने कोरं पान पुढे केलं. "यात खरं लिहिलं तर नोकरी जाईल का?"

"ते मला माहीत नाही. उगाच दिलासा देणार नाही. पण खोटं लिहून तू वर्गात पडलीस, तर धावत येऊन मी तुला काय देऊ? पाणी की साखर? मला कळलंच पाहिजे."

"तुम्हाला सांगते. बाहेरच्या टेबलावर नाही."

"टेबलावर कोण म्हणतंय? इथे बस, लिही. पान माझ्या कपाटात. किल्ली ही इथे, क्रुसाच्या साखळीत. शिकवू शकतेस की नाही, ते मी मॅडमना सांगेन. काय झालंय ते सांगायचं की नाही, तुझं तू बघ."

तसनीमने सगळं लिहिलं. अक्षर मात्र नेहमीपेक्षा बारीक आलं.

मुलाखत इंग्रजीत झाली. मुख्याध्यापिका आणि शेजारी शाळेच्या व्यवस्थापनातले एक गृहस्थ. मी खुर्चीच्या पायाशी.

"तब्येतीचं पान इथे नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "काही आजार आहे?"

"जे आहे ते मी नर्सना लिहून दिलंय. मी शिकवू शकते की नाही, ते त्या सांगतील."

गृहस्थाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे लपवण्यासारखं आहे?"

"लपवायचं असतं तर लिहून दिलं नसतं, सर."

मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, वर्ग वाट बघतोय."

वर्गात तिने पिशवी टेबलावर ठेवली. पहिल्या बाकावरच्या मुलीने लगेच विचारलं, "मिस, त्यात काय आहे?" तसनीमने तयार करून आणलेला पाठ बाजूला सारला. मला पिशवीतून काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं. "मी सांगणार नाही. तुम्ही इंग्रजीत प्रश्न विचारा, मी फक्त हो किंवा नाही म्हणेन."

मग जो काही कल्ला झाला! चहा आहे का? सूप आहे का? थंड आहे का? तुम्ही बनवलंत का? ते जिवंत आहे का? जो प्रश्न चुकायचा तो ती फळ्यावर लिहून वर्गाकडून दुरुस्त करून घ्यायची. गृहस्थ मागच्या बाकावर बसले होते. एकदा तेही विचारायला पुढे झुकले आणि सावरून बसले. घंटा झाली तेव्हा मुलं ओरडली, "मिस, उघडा!"

"नाही," तसनीम हसून म्हणाली. "पण प्रश्न छान विचारलेत."

माझ्या आयुष्यात एवढ्या लोकांनी माझ्याकडे एकाच वेळी कधी पाहिलं नव्हतं.

ती डॉक्टरीणबाईंकडून नवं इन्सुलिन घेऊन घरी आली. भाबी स्वयंपाकघरात सुरमई कापत होती. तसनीमने बाटली ओट्यावर ठेवली.

"भाबी, थर्मासात आगळ नव्हतं. हे होतं. मला साखरेचा आजार आहे, लग्नाआधीपासून. गोठलं म्हणून फुकट गेलं."

भाबीची सुरी थांबली. मला वाटलं, आता सासरचं पुराण निघणार.

"म्हणजे तुझा औषध मी मारला?" भाबी म्हणाली. "आणि तू काल माझ्या बाजूला उभी राहून सरबत वाटत होतीस? तोंडात काय गुळणी धरली होतीस गो? अगं, मेली असतीस तर मी तुझ्या अम्मीला काय सांगितला असता, सोलकढी केली म्हणून?" एवढं बोलून तिने मासळीच्याच हाताने डोळे पुसले आणि मग झोंबलं म्हणून आणखी रडली.

जियाद शिफ्टवरून आला तेव्हा बाटली फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी उभी होती. त्याने बाटलीकडे पाहिलं, भाबीकडे पाहिलं. "काय बघतोस?" भाबी म्हणाली. "हात धू, जेवायला बस."

दोन दिवसांनी शाळेचा फोन आला. भाबीनेच उचलला. मेडिकल फिट, रविवारपासून या.

भाबीने बातमी मुंतझाभर केली. आजार मात्र कुणाला सांगितला नाही, आणि हे न सांगणंही तिने दणक्यात केलं. शुक्रवारी शेजारच्या रुकैयाखालाकडे बाया जमल्या होत्या. मलाही नेलं होतं, पाण्यासाठी. बासुंदीची वाटी तसनीमपुढे आली की भाबी मध्ये हात घालायची. "तिला नको! तिची दाढ दुखते." मग काय, कुणी लवंग सांगितली, कुणी दाताचा डॉक्टर सांगितला. रुकैयाखाला तर तोंड उघडून दाखव म्हणाली.

परत येताना तसनीम म्हणाली, "भाबी, उद्यापासून दाढ नको."

"मग काय सांगू बायांना?"

"काही नको. ज्याला सांगायचं त्याला मी सांगेन."

"आणि बाकीच्यांनी विचारला तर?"

"नको म्हटलं की नको. कारण कशाला द्यायचं?"

तिला ते पटलं की नाही, मला माहीत नाही. पण दाढ त्यानंतर दुखली नाही.

आता मी शाळेच्या स्टाफरूममध्ये कपाटावर असतो. झाकणाचे आटे झिजलेत, निळा रंग कोपऱ्यांतून उडालाय. शेजारी इतर बायांचे थर्मास आहेत, माझ्यापेक्षा देखणे. त्यांच्यात काय आहे, मी विचारत नाही. तुम्हीही कुठे मला पाहिलंत, तर झाकणाला हात घालण्याआधी माझ्या मालकिणीला विचारा. ती नाही म्हणाली, तर आपल्या वाटेने जा. बरं, घंटा झाली. तिचा तास सुटला असेल.