दोन विहिणी आणि लॅपटॉपची वाटणी

घोळ मुळात मुलांनीच घातला होता. मुलानं आपल्या आईला फोन करून विचारलं, "हिची रजा संपतेय, बाळाकडे बघायला महिनाभर येशील का?" आणि सुनेनं त्याच संध्याकाळी आपल्या आईला तेच विचारलं. एकमेकांना सांगायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यामुळे एका सकाळी त्या छोट्याशा फ्लॅटच्या दारात दोन विहिणी आपापल्या बॅगा घेऊन एकदमच उभ्या राहिल्या.

मुलाच्या आईला सगळे कोडेबाई म्हणत, कारण एका साप्ताहिकासाठी त्या कित्येक वर्षं शब्दकोडी रचत आल्या होत्या. सुनेची आई ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. निवृत्त होऊनही दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांसाठी त्या सिस्टरच होत्या. दोघी एकमेकींना मात्र 'विहीणबाई' म्हणत आणि इतक्या अदबीनं वागत की घरातल्या बाकीच्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. "घ्या ना." "छे छे, आधी तुम्ही." शेवटचं बिस्कीट बशीत मऊ पडून जायचं, पण एकीचाही हात पुढे व्हायचा नाही.

त्यातच साप्ताहिकानं कोडी तयार करायचा नवा प्रोग्रॅम घेतला, आणि तो नेमका दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा. कोडेबाईंची जुनी कोडी सगळी जुन्या सिस्टिमवर, त्यामुळे तीही हवीच. "अगं, सोपं आहे," मुलगा म्हणाला होता. "डिस्कचे दोन भाग करायचे. एकात जुनी, एकात नवी. रविवारी करून देतो." रविवार येत होते नि जात होते. रविवारी मुलगा मेल्यासारखा झोपायचा, आणि चार महिन्यांच्या बाळाच्या बापाला त्यावरून काही बोलवतही नाही.

शेवटी एका दुपारी, मुलं कामावर गेलेली, बाळ आतल्या खोलीत झोपलेलं, अशा वेळी कोडेबाईंनी आपला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. साप्ताहिकातल्या कुणीतरी नवी सिस्टिम भरून दिलेला पेनड्राइव्ह पर्समधून काढला. समोर सिस्टर झबली घडी घालत होत्या.

"काय करताय?"

"वाटणी," कोडेबाई हळूच म्हणाल्या. "डिस्कची. मुलांना सांगू नका हं. जमलं नाही तर हसतील."

सिस्टरनी हातातलं झबलं खाली ठेवलं. "पेशंटचं महत्त्वाचं सामान कुठे हलवलंय?"

"म्हणजे?"

"कोडी, फोटो. कापाकापी करताय ना? मग आधी सगळं बाहेर काढून ठेवायचं."

कोडेबाईंना हे सुचलंच नव्हतं. दोघींनी मुलाच्या कपाटातली बाहेरची हार्ड डिस्क शोधून काढली आणि सगळी कोडी, बाळाचे फोटो तिच्यात उतरवून घेतले. मग एक नवीनच अडचण पुढे आली. टेबलावर काच होती. लॅपटॉपचा पंखा फिरू लागला की ती काच झणझणायची, आणि आतल्या खोलीचं दार तर बाळासाठी उघडंच ठेवावं लागे. सिस्टरनी बाळाची जाड रजई आणून चौघडी घातली आणि लॅपटॉप तिच्यावर बसवला. झणझण थांबली. दोघींनी एकमेकींकडे कौतुकानं पाहिलं.

कोडेबाईंनी डिस्कचा एक भाग आखडता घेण्याचं बटण दाबलं. पट्टी सरकू लागली. थोडी सरकली, आणि अख्खा पडदा निळा झाला. त्यावर रडवेला चेहरा. मग काळोख. मग लॅपटॉप आपला आपणच पुन्हा सुरू झाला आणि सुरू होताना त्यानं 'टँण्ण' असा मोठा आवाज केला.

आतून बाळाची 'ऊं' ऐकू आली. दोघी जागच्या जागी थिजल्या. 'ऊं' विरून गेली.

"डिस्कमध्येच काही बिघाड असेल," कोडेबाई कुजबुजल्या. त्यांनी डिस्क तपासायला लावली. तपासणी अर्ध्यावर आली नि लॅपटॉपनं पुन्हा मान टाकली. पेनड्राइव्हवर संशय आला, म्हणून तो काढून ठेवून पाहिला. तरी तेच. चार्जर या भिंतीतून त्या भिंतीत लावून झाला. प्रत्येक वेळी निळा चेहरा, प्रत्येक वेळी 'टँण्ण', आणि प्रत्येक वेळी दोघी तोंडावर हात दाबून आतल्या दाराकडे बघायच्या. तिसऱ्या की चौथ्या 'टँण्ण'ला सिस्टरचे खांदे हलू लागले. कोडेबाईंना आधी वाटलं, बाईंना रडू आलं की काय. पाहतात तर हसू.

"हसू नका हो," कोडेबाई म्हणाल्या, आणि स्वतःच फिसकन हसल्या. वातावरण जरा गंभीर करावं म्हणून त्यांनी आपल्या धंद्यातली भाषा काढली. "सांगा बरं. आडवा शब्द, तीन अक्षरी. ऐन कामाच्या वेळी मान टाकतं ते."

सिस्टरनी क्षणाचाही विचार केला नाही. "जावई."

बोलून झाल्यावर त्यांना समजलं, आपण हे कुणाच्या आईपुढे बोललो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला 'बॅटरी' म्हणायचं होतं," कोडेबाई कशाबशा म्हणाल्या. "पण जावई जास्त चपखल बसतो हो."

मग जे हसू सुटलं ते आवरेना. आवाज तर करायचा नाही! सिस्टरनी झबल्यात तोंड खुपसलं. कोडेबाई टेबलाखाली गेल्या, पेनड्राइव्ह शोधायच्या निमित्तानं, आणि तिथेच बसून डोळे पुसू लागल्या. एकीचं थांबावं तर दुसरीनं हळूच "जावई" म्हणावं, की परत पहिल्यापासून सुरू.

शेवटी सिस्टर नाक पुसत सरळ बसल्या. "बास. आता नीट बघू. नुसता चालू ठेवला तर काही होत नाही ना?"

"नाही. तासन्‌तास चालतो."

"आणि कामाला लावला की कोसळतो. थोडा आराम मिळाला की आपला आपण उठतो." सिस्टरनी मान तिरकी केली. "विहीणबाई, ह्याचा ताप बघितलात का?"

त्यांनी लॅपटॉपखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. चटका बसलाच होता. खालच्या बाजूला हवा आत घ्यायची जी जाळी असते, ती रजईत पार रुतून बसली होती. बिचाऱ्याला दुपारभर पांघरूण घालून, नाक दाबून, वर पळायला लावलं होतं.

"आपणच गुदमरवला त्याला," कोडेबाई म्हणाल्या.

"आणि चार्जरला शिव्या घातल्या."

रजई निघाली. दोन स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून त्यांच्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे खालून वारा खेळेल. काच झणझणू नये म्हणून वाट्यांखाली बाळाचे रुमाल घातले. शेजारी टेबलफॅन लावला. सिस्टरनी बाह्या वर केल्या. "चला. मी आयुष्यभर ऑपरेटिंग सिस्टरच होते. तुमची सिस्टिम काय मोठी लागून गेली?"

या वेळी पट्टी सरकली ती सरकतच राहिली. डिस्कचे दोन भाग झाले. पेनड्राइव्ह लावून नवी सिस्टिम दुसऱ्या भागात उतरू लागली. दोघी पट्टीकडे डोळे लावून बसल्या. लॅपटॉप जुना, बॅटरी नावालाच, वीज गेली तर काही सेकंदांत सगळं संपणार, हे कोडेबाईंना ठाऊक होतं. म्हणून त्या वायरकडे जास्तच जपून बघत होत्या, आणि जपून बघता बघता खुर्ची मागे सरकवली, खुर्चीच्या पायात वायर अडकली आणि चार्जरची पिन लॅपटॉपमधून सटकली.

पडदा मंद झाला.

"अगं, धर ती वायर! धर ना, बघतेस काय!"

सिस्टरनी झेप घेतली. टेबलाखालून पिन पकडली, नेमकी भोकात खुपसली आणि तशीच दाबून धरली. पडदा उजळला. पट्टी होती तिथूनच पुढे निघाली.

सिस्टर गुडघ्यांवर, हातात पिन. कोडेबाई उभ्या, हात तोंडावर. विहिणीला 'अगं'? 'बघतेस काय'? लग्नात विहिणीचे पाय धुवावेत तसे शब्द जपून वापरले, ते सगळे एका वायरीपायी गेले.

"मला 'अगं' म्हणालात," सिस्टर खालूनच म्हणाल्या.

"चुकलं हो, विहीणबाई, तोंडातून—"

"चुकलं कसलं? पायाला मुंग्या आल्यात माझ्या. हात दे आधी."

कोडेबाईंनी हात दिला. ओढायला गेल्या तर दोघींना परत हसू फुटलं, हातातली ताकदच गेली, आणि दोघी धपकन फरशीवर बसल्या. आता आवाजाबिवाजाचं भान कुणाला? मोठमोठ्यानं, पोट धरून हसल्या.

आतून आवाज आला. रडण्याचा नव्हता. दोघी धडपडत दाराशी गेल्या. बाळ पाळण्यात जागं होऊन त्यांच्याकडे बघत होतं. सिस्टरला परत हसू आलं तसं तेही हसलं. नुसतं बोळक्यातून नाही, खळखळून, आवाज काढून. आजवर ते असं कधीच हसलं नव्हतं. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण ते एकदम थांबलं, डोळे मोठे केले, आणि पुन्हा हसलं.

कोडेबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पहिल्यांदाच ना गं?"

"पहिल्यांदाच." सिस्टरनी त्याला उचललं. मग त्यांचा चेहरा जरासा उतरला. "ती दोघं किती दिवस वाट बघतायत. रोज रात्री तोंडं वेडीवाकडी करतात त्याच्यापुढे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काही ठरवावं लागलं नाही.

"आपण काही बघितलं नाही," कोडेबाई म्हणाल्या.

"काय बघितलं नाही?" सिस्टर म्हणाल्या.

बाळाला कडेवर घेऊनच त्यांनी लॅपटॉप पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या, वर नवी सिस्टिम, खाली जुनी. नवी निवडली. कोड्यांचा प्रोग्रॅम उघडला, रिकामे चौकोन समोर आले. जुनीही उघडून पाहिली. सगळी कोडी जागच्या जागी. कोडेबाईंनी सिस्टरच्या पाठीत एक सणसणीत थाप दिली.

संध्याकाळी मुलगा नि सून घरी आले. मुलानं हातपाय धुऊन बाळाला घेतलं, नाकाला नाक घासलं आणि नेहमीसारखा घोड्याचा आवाज काढला. बाळ खळखळून हसलं.

"आई! हसला! आवाज काढून हसला!" सून किंचाळली. "मोबाइल आण रे! नाही, तू नको, मी आणते!"

सिस्टरनी छातीवर हात ठेवला. "अगंबाई! खरंच की!"

"दिवसभर आमच्यापुढे साधं हूं केलं नाही हो त्यानं," कोडेबाई म्हणाल्या. हे जरा जास्तच झालं. सिस्टरच्या ओठांचे कोपरे थरथरू लागलेले त्यांनी पाहिले आणि त्या तडक स्वयंपाकघरात पळाल्या. मागोमाग सिस्टर. कोडेबाईंनी आवाज लपवायला नळ पूर्ण सोडला.

"साधं हूं केलं नाही म्हणे," सिस्टर ओट्याला धरून वाकल्या.

"गप गं, ऐकतील ना!"

"आई," बाहेरून मुलाची हाक आली, "लॅपटॉप चालू केला तर हे दोन-दोन काय विचारतोय? कुणी हात लावला होता का?"

सिस्टर हळूच "जावई" म्हणाल्या, आणि दोघी पदरात तोंड खुपसून ओट्याखाली बसल्या.