सफरचंदावर उगवलेलं अक्षर

सकाळी कर्फ्यूत ढील मिळाली की आमच्या सेक्टरातले लोक दूध सोडून सेबवाल्या बाबांच्या व्हरांड्याकडे धावत. पंजाब धुमसत होता, चंदीगड बंद होतं, आणि बाबांच्या सफरचंदावर वारलेल्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर उगवत होतं!

माझ्या वडिलांना, अण्णांनाही एक मिळालं. लालबुंद, ताजं. बाबा म्हणाले, "हफ्ताभर छूना मत जी. बीबीजी खुद आएंगी."

आईला जाऊन महिनाच झाला होता. अण्णांनी ते फळ तिच्या शिलाई मशीनवर ठेवलं. बाहेर नाकाबंदी, आत आम्ही दोघं आणि ते फळ. आठवड्याने सालीवर निळसर बुरशीचा 'प' उमटला. पद्मिनीचा, म्हणजे आईचा.

अण्णांनी प्रसाद म्हणून ते खाल्लं. लगेच उलट्या सुरू झाल्या. दवाखाना गाठायलाही कर्फ्यू आडवा. दुसऱ्या सकाळी ढील मिळाली तेव्हा बाबांचं उत्तर तयार होतं, "दुख निकल रहा है जी! एक और ले जाइए."

"अण्णा, सडकं फळ आहे हो ते."

"घरात तिसरं कोणी आलं नाही, विनया. मग अक्षर काढलं कुणी?"

प्रश्न रास्त होता. नवं फळ मी खिडकीपाशी धरलं. सालीवर बारीक भोकं होती, ओळीने. आई भरतकामाची नक्षी अशीच उतरवायची. कागदाला सुईने भोकं पाडायची, वरून नीळ चोळायची.

मी घरातली दोन चांगली सफरचंदं घेतली. आईची सुई प्रसादातून उरलेल्या तुकड्यावरच्या बुरशीत बुडवून एकावर टोचली, दुसरं तसंच ठेवलं. आठवड्याने दुसरं स्वच्छ होतं. पहिल्यावर निळा 'अ'.

"हा कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"तुमचा. गेलेल्यांचंच अक्षर येतं ना? तुम्ही तर माझ्यासमोर बसला आहात."

अण्णांनी तिन्ही फळं पिशवीत भरली. पुढच्या ढिलीत ती घेऊन स्वतः बाबांच्या व्हरांड्यात गेले.

"नास्तिक का फल है!" बाबा ओरडले.

"फल मेरी रसोई का है जी," अण्णा म्हणाले. "आप अपनी सुई दिखाइए."

गर्दीतल्या आमच्या शेजारीण सरोजजींनी आपलं सफरचंद उजेडात धरलं. मग सगळ्यांनीच.

बुरशी टोचलेल्या जागेतून आत शिरते आणि विष तयार करते. ते डागापलीकडच्या मऊ गरातही पसरतं. डाग कापून वा फळ शिजवून ते जाईलच असं नाही. असं फळ फेकून द्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो आधी आपल्या स्वयंपाकघरात करून पाहा.

आई आली नाही. अण्णा मात्र राहिले.