दोष ओव्हनचा

"बटणं कुठायत?" मेकॅनिकने विचारलं.

शेगडीच्या पुढच्या पट्टीवर नुसते लोखंडी खिळे दिसत होते. सुनेने पर्स उघडली, रुमालाखालून एकेक बटण काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"लहान मुलं आहेत का घरात?"

"नाही."

मेकॅनिकने खिडकीशी बसलेल्या मावशींकडे बघितलं आणि घाईघाईने हत्यारांच्या पेटीत डोकं घातलं.

मावशी त्यांना सगळेच म्हणत. त्यांचं उभं आयुष्य इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेलं होतं. पाव भाजायचं काम त्यांचं. मोठे डॉक्टर आले-गेले, रोगी बरे झाले, काही मेले, पण सकाळचा पाव मावशींच्याच हातचा. निवृत्त झाल्यावर घरी ही ओव्हनवाली शेगडी आली. नवरा गेला त्या वर्षी त्यांना तगवलं ते तिनेच. पहाटे उठायला काहीतरी कारण लागतं माणसाला.

गेल्या हिवाळ्यात पाव जळायला लागले. रोज नाही, अधूनमधून. "आई, लक्ष कुठे होतं तुझं?" मुलगा विचारायचा. मावशी भांडायच्या, ओव्हनमध्येच खोट आहे म्हणायच्या. मुलाने ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन आणला. त्याने थंड ओव्हनला मीटर लावला आणि ठणठणीत आहे म्हणून सांगून गेला. मग एका दुपारी घर धुराने भरलं, शेजाऱ्यांनी बंब बोलावला, जिन्यात ही गर्दी. त्या दिवशी मावशींचं भांडण संपलं. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं त्या स्वतःच म्हणाल्या. तेव्हापासून बटणं सुनेच्या पर्समध्ये होती. वृद्धाश्रमातली खोली ठरली होती, सोमवारी जायचं होतं. शेगडी विकायची, तर निदान तपासून विकावी, म्हणून आज हा मेकॅनिक.

त्याने ओव्हनच्या मागच्या भिंतीतून पेन्सिलीएवढी एक दांडी ओढून काढली. "हा सेन्सर. आत किती तापलंय ते हा सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर ओव्हन चालतो." त्याने मीटर लावला. "आकडा तर बरोबर आहे."

"आधीच्यानेही तेच सांगितलं," सून म्हणाली.

"थंड आहे ना पण आत्ता." त्याने दांडी परत बसवली, आत स्वतःचा तापमापक ठेवला आणि पकडीने खिळा फिरवून ओव्हन लावला. बराच वेळ तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग वाकला, काचेतून बघितलं, डोळे बारीक केले.

"आजी, किती लावता तुम्ही पावाला?"

"एकशे ऐंशी," मावशी म्हणाल्या. अलीकडे त्यांना कुणी काही विचारत नसे.

"बाहेर एकशे ऐंशीच दिसतंय. आत अडीचशेच्या वर गेलंय."

ओव्हन निवल्यावर त्याने मागचा पत्रा काढला. सेन्सरच्या वायरीवरचं वेष्टण एके ठिकाणी जळून गेलं होतं. "हा बघा चोर. थंड असताना गुण्यागोविंदाने वागतो. तापला की वायर पत्र्याला टेकते आणि हा तापमान कमी सांगायला लागतो. ओव्हनला वाटतं, अजून गार आहे, तो आणखी तापत राहतो. यात कुणीही पाव भाजला असता तरी जळलाच असता."

सुनेने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. नवा सेन्सर बसेपर्यंत मुलगा कामावरून धावत आला.

"परत सांगा," मावशी मेकॅनिकला म्हणाल्या. "ह्याच्यासमोर सांगा."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुलगा खाली मान घालून ऐकत राहिला. मेकॅनिक गेल्यावर म्हणाला, "आई, मी तुला काय काय बोललो गं..."

"बोललास," मावशी म्हणाल्या. "आता बाजूला हो. पीठ काढू दे."

बटणं त्यांनी स्वतः बसवली. पीठ मळताना कित्येक महिन्यांनी त्यांच्या खांद्यात पूर्वीचं बळ आलं. सून मदतीला आली, तिला हाकलून लावलं. पीठ फुगेस्तोवर त्या तिथेच उभ्या होत्या. संध्याकाळी ओव्हनमधून पाव निघाला तो सोनेरी, गोल पाठीचा, बोटाने टकटक केलं की पोकळ वाजणारा. मुलगा लहानपणी करायचा तसा वाकून वास घेत राहिला.

तिघं टेबलाशी बसली. मावशींनी काप केले, पहिला मुलाला दिला.

त्याने घास घेतला. चावता चावता त्याचा जबडा मंदावला. त्याने बायकोकडे बघितलं. तिनेही एक घास खाल्ला.

"मस्त झालाय, आई," सून म्हणाली.

"हो, एकदम," मुलगा म्हणाला आणि त्याने दुसरा काप उचलला.

मावशींनी तुकडा तोंडात टाकला. पाव अळणी होता. साफ अळणी. आणि मीठ घातल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. डबा उघडलेला, मूठ भरलेली, पिठावरून फिरलेली, सगळं डोळ्यांसमोर होतं. त्या आठवणीत कुठे फट सापडेना.

त्यांनी मुलाकडे बघितलं. तो खाली बघून चावत होता. पाव जळायचा, तेव्हा तो तोंडावर बोलायचा, आणि त्याही फाडफाड उत्तर द्यायच्या. आज तो मुकाट खात होता. सूनही. असं मुकाट दोघांनी याआधी किती वेळा खाल्लं असेल? कशाकशावर पांघरूण घातलं असेल?

"खोली नको म्हणून कळवलंस का रे?" त्यांनी विचारलं.

"आता करतो ना फोन. जेवण झालं की लगेच."

"नको करूस."

"आई, अगं, आता काय कारण आहे? दोष ओव्हनचा होता. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं की. बरं वाटलं ऐकून." मावशींनी ताटलीतली चुरी बोटाने गोळा केली. "सोमवारी जायचं ठरलंय, तसंच जाऊ."

मुलगा काही बोलणार होता. सुनेने टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मावशींना ते दिसलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

त्यांनी लोण्याची वाटी मुलापुढे सरकवली.

"जाड लाव," त्या म्हणाल्या. "लोणी खारं आहे."