डाव्या पंखाचं वजन

आमच्या कारखान्यात ग्लायडरचा उजवा पंख वोय्को करतो आणि डावा मी. नऊ वर्षांत आम्ही एकतीस ग्लायडर केले, आणि एकतीसही वेळा काट्यावर त्याचाच पंख हलका भरला.

रीत अशी की नव्या ग्लायडरच्या पहिल्या उड्डाणाला पुढं नेवेंकाबाई बसतात, कारण कारखाना त्यांचा, आणि मागच्या सीटवर ज्याचा पंख हलका तो. म्हणजे वोय्कोनं आल्प्स एकतीस वेळा वरून पाहिलेत. मी खालून पाहिलेत. खालूनही बरे दिसतात, असं तो उतरल्यावर मला दर वेळी सांगतो.

बत्तिसाव्याला मी पेटलो. कार्बनच्या कापडावर रेझिन असं लावलं, जसं चिकट माणूस पाहुण्याच्या पावाला लोणी लावतो. मग रंगाचा थर घासायला घेतला. मार्चभर घासला, एप्रिलभर घासला. बायको म्हणाली, "माझ्या पाठीवरून नऊ वर्षांत इतका हात फिरवला नाहीस." मी तिचीही पाठ घासून दिली असती, पण तिचं वजन कुणी करणार नव्हतं.

दुपारच्या सुट्टीतही मी जागचा हलायचो नाही. वोय्कोच यायचा, हातात क्रेमश्निता घेऊन. तळ्याकाठच्या दुकानातली मलईची पेस्ट्री, विटेएवढी.

"खा रे स्तानको, दमलायस."

"तू?"

"मला गोड सोसत नाही."

मला सोसत होतं. रोज सोसत होतं.

मे महिन्यात दोन्ही पंख काट्यावर चढले. माझा चारशे ग्रॅमनं हलका! तपासणीत वाकवून बघितला, मोडला नाही. मी वोय्कोच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो टाळ्या वाजवत होता. मनापासून. हे मला आवडलं नाही.

"छान," नेवेंकाबाई म्हणाल्या. "आता पंख समान वजनाचे हवेत. स्तानको, तुझ्या पंखाच्या टोकाला चारशे ग्रॅम शिसं चिकटव."

"माझ्या?"

"मग काय त्याचा घासून देतोस?"

मी शिसं चिकटवलं. जाऊ दे म्हटलं, सीट तर माझी आहे.

"आता तू चढ काट्यावर," बाई म्हणाल्या. "पॅराशूट घालून. मागच्या सीटला एकशेदहाची मर्यादा आहे."

काटा एकशेदहा किलो चारशे ग्रॅमवर थांबला.

मी बूट काढले. बाई म्हणाल्या, "अनवाणी मी कुणाला वर नेत नाही."

"मग पॅराशूट राहू दे."

"राहू दे की. उतरायची वेळ आली तर लवकर पोचशील."

वोय्को खाली मान घालून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. तो रडत असेल अशी मी आशा केली.

"वोय्को, तू चल," बाई म्हणाल्या.

ग्लायडरला एकच चाक. ओढणारं विमान वेग घेईपर्यंत कुणीतरी पंखाचं टोक धरून पळायचं असतं. मी डावं धरलं. एकशेदहा किलोनिशी, बूट हातात राहिलेले म्हणून मोज्यांवर, शंभर पावलं पळालो. मग माझा पंख बोटांतून सुटला आणि वोय्कोला घेऊन वर गेला. उन्हात असा चकाकत होता, की उजवा त्याच्यापुढे मेणचट वाटावा. हे मागच्या सीटवरून नीट दिसत असणार.

तासाभरानं तो उतरला.

"कसे दिसले?" मी विचारलं.

"अरे, डावीकडचे जास्त छान!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा क्रेमश्निता घेऊन आला. मी वजनाचा काटा जवळ ओढला, त्याला बळंच पॅराशूट चढवून त्यावर उभं केलं. अडुसष्ट किलो.

मी क्रेमश्निता परत त्याच्याच हातात दिली.

"खा रे वोय्को," मी म्हणालो. "किती वाळलायस."

"मला सोसत नाही रे."

"सोसेल," मी म्हणालो. बेचाळीस किलो भरायचेत. तेहतिसावा ग्लायडर ऑक्टोबरात आहे.