थुंकीचे आठ आठवडे

गावाचा एक नियम आहे. निरोपाचा बोकड एकदा कापला की माणूस गेला. तो पुढे विमानात बसला की नाही हे बघायला गाव काही विमानतळावर जात नाही.

मुलीकडे अमेरिकेला कायमचे निघालेले एव्हारिस्तो आणि त्याची बायको ओब्दुलिया यांचा बोकड फेब्रुवारीत कापला गेला. जरा घाईच झाली म्हणायची. पण राखेचा बुधवार तोंडावर आला होता, आणि त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत गावात बोकड शिजत नाही. त्यात मुलगी याहायरा न्यूजर्सीहून फोनवर सांगत होती, "बाबा, व्हिशाची तपासणी म्हणजे नुसता शास्त्रापुरता प्रकार. आत जायचं, बाहेर यायचं." दोघं आत जाऊन बाहेर आलेही होते. पाच तारखेला राजधानीतल्या ठरवून दिलेल्या दवाखान्यात दोघांच्या छातीचे फोटो निघाले, रक्त निघालं, डॉक्टरांनी जिभा बघितल्या. मग आता राहिलं काय? रविवारी बोकड कापला.

ओब्दुलियाने डबल पलंग चुलतभावाला दिला, शिलाई मशीन चर्चला, आणि फ्रिज शेजारच्या फेफाला. फेफाच्या धाकट्याची ती धर्ममाता, तेव्हा फ्रिज दुसऱ्या कोणाला जाणं शक्यच नव्हतं. फेफा इतकी रडली की घरी न्यायला दोन माणसं लागली. एक फ्रिजला आणि एक तिला.

सोमवारी दवाखान्यातून फोन आला. ओब्दुलियाच्या उजव्या फुप्फुसावर डाग दिसत होता.

"कसला डाग?" ओब्दुलियाने विचारलं.

"लहान आहे," फोनवरची मुलगी म्हणाली.

"लहान आहे ते कळलं. कसला?"

"तेच बघायचंय ना बाई. तुम्ही या."

चाळीस वर्षं कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक केलेल्या बाईच्या छातीत डाग नसता तरच नवल. पण अमेरिकेला तो डाग क्षयाचा नाही असं लेखी हवं होतं. त्यासाठी तीन सकाळी उपाशीपोटी खोल खाकरून थुंकी द्यायची. ती थुंकी प्रयोगशाळेत आठ आठवडे जपून ठेवायची. शेतकरी पेरतो आणि उगवायची वाट बघतो. इथे काही उगवू नये म्हणून वाट बघायची, एवढाच फरक.

एव्हारिस्तोची छाती मात्र स्वच्छ निघाली. याहायराने आईचा आणि बापाचा अर्ज वेगवेगळा भरला होता, त्यामुळे मार्चमध्ये वकिलातीत दोघांचे रस्तेही वेगवेगळे झाले. त्याच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवून मिळाला. तिला एक चिठ्ठी मिळाली. त्याच्या व्हिशाची मुदत चार ऑगस्ट. माणसाची तब्येत तपासणीपासून सहा महिनेच चांगली राहते, असा अमेरिकेचा हिशोब आहे. चार ऑगस्टपर्यंत आत शिरला नाहीस तर पहिल्यापासून सगळं परत.

"आठ आठवड्यांत सुटेल," एव्हारिस्तो म्हणाला. "एप्रिल संपला की दोघं एकाच विमानात."

"खिडकीपाशी मी बसणार," ओब्दुलिया म्हणाली.

आता त्या तीन सकाळींचं सांगायला हवं, कारण घोडं तिथे अडलं.

दवाखान्याने बजावलं होतं की तोंडात काहीही घालायचं नाही, चूळ भरायची ती इथल्याच सीलबंद बाटलीतल्या पाण्याने, आमच्यासमोर. पण ओब्दुलियासारखी बाई परक्या माणसासमोर पारोशा तोंडाने उभी राहून खाकरणार? गावात बायका कचऱ्याच्या गाडीलासुद्धा केस विंचरून सामोऱ्या जातात. तिन्ही दिवस पहाटेच्या बसने ती राजधानीला गेली, इस्त्रीचा झगा आणि कानात मोत्याचे डूल घालून. आणि तिन्ही दिवस दवाखान्याच्या फाटकाबाहेर, बदामाच्या झाडामागे, तिने खळखळून चूळ भरली. पाणी एव्हारिस्तोच्या बाटलीतलं.

एव्हारिस्तोने गावाच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले होते. विकतच्या पाण्यावर त्याचा विश्वास नव्हता. कुठेही जाताना तो घरच्या नळाचं पाणी तीर्थासारखं बरोबर न्यायचा. "हे घे," त्याने तिला सांगितलं होतं. "ह्यात काही नसतं. मला विचार."

मेच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. ओब्दुलियाने तो स्पीकरवर टाकला.

"बाई, तुमच्या नमुन्यात काहीतरी उगवलंय."

एव्हारिस्तो खुर्चीवरून उठला.

"घाबरू नका. क्षय नाही. हे दुसरंच आहे. नळाच्या पाण्यात असतं, जुन्या पाइपांत वगैरे. पण त्यामुळे नमुना बाद झाला. तुम्ही बाहेरचं पाणी तोंडात घेतलं होतं का?"

ओब्दुलियाने नवऱ्याकडे बघितलं.

"नाही हो," ती म्हणाली. "मी कशाला घेऊ?"

परत तीन सकाळी, परत आठ आठवडे. शिवाय नवी वेळ मिळाली ती जूनमधली.  तिसऱ्या दिवशी एव्हारिस्तो पिण्याचं पाणी उकळायला लागला.

आणि इकडे गावात त्यांची पंचाईत अशी की ते गेलेले होते. बोकड खाल्लेला, हाडं कुत्र्यांनी नेलेली. सगळ्यांनी गळ्यात पडून झालेलं. आता रोज सकाळी त्याच माणसांना पाव आणायला भेटायचं म्हणजे काय तोंड दाखवायचं? दोघांनी पुढचं दार लावून घेतलं आणि ती मागच्या दोन खोल्यांत राहायला लागली. चुलतभावाने एक गादी पाठवली, उसनी म्हणून. त्यांच्याच पलंगावरची होती.

गाव मात्र सभ्य. कोणी काही म्हणून विचारलं नाही. फेफा रोज दुपारी वाडगाभर बर्फ घेऊन मागच्या दाराने यायची आणि ओब्दुलियाच्या समोर बसून म्हणायची, "काय सांगू, ओब्दुलिया गेल्यापासून गल्लीत बोलायला कोणी उरलं नाही."

"असं?" ओब्दुलिया म्हणायची. "मग तू काय करतेस?"

"काय करणार! येते इथे."

एव्हारिस्तो एकदा धीर करून कोपऱ्यावरच्या दुकानापाशी डॉमिनो खेळायला गेला. वीस वर्षांच्या त्याच्या खुर्चीवर दाताचा डॉक्टर बसलेला होता.

"अरे वा, एव्हारिस्तो!" दुकानदार म्हणाला. "काय म्हणते थंडी तिकडे?"

"अजून पोचलो नाही."

"मग उभा का? जा की!"

सगळे हसले. एव्हारिस्तोही हसला. हसून झाल्यावर त्याला कळलं की आपल्याला काही वाटलं नाही. आधी त्याला बरं वाटलं. मग तो घरी येऊन बसला, आणि तेव्हापासून बसूनच राहिला. एका अंगावर बसून पाय बधिर होतो ना, तसा तो आख्खाच्या आख्खा बधिर होत गेला. आंबे आले, आंबे गेले. याहायरा व्हिडिओवर नातू दाखवायची, आणि तो हात हलवायचा, पलीकडून रेलगाडी जात असावी तसा.

जुलैच्या शेवटी आठ आठवडे भरले. ओब्दुलिया रोज दहाला फोन लावायची.

"काही उगवलं नाही, बाई," अखेर ती मुलगी म्हणाली. "छान आहे."

"मग कागद?"

"कागदावर डॉक्टरीणबाईंची सही लागते. त्या सुट्टीवर आहेत."

"कधी येणार?"

"सात तारखेला."

ओब्दुलियाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. कॅलेंडर न्यूजर्सीतल्या एका खाटकाच्या दुकानाचं होतं, याहायराने पाठवलेलं. "दुसऱ्या कोणाची सही नाही चालत?"

"नाव त्यांचंच नोंदलंय ना, बाई. सही झाली की इथून वकिलातीत जाईल. मग ते तुम्हाला बोलावतील."

"किती दिवसांत?"

"ते त्यांच्याकडे असतं."

त्या संध्याकाळी याहायराचा फोन. "बाबा, आता ऐका. तुम्ही चार तारखेच्या विमानाने या. तिकीट मी काढलंय. आईचं होईल महिन्याभरात. नाहीतर तुमचा व्हिसा मरेल, आणि मग आई इथे आणि तुम्ही तिथे असं व्हायचं."

"आत्ता ती इथे आणि मी तिथे होईन."

"बाबा, ते तात्पुरतं!"

"'शास्त्रापुरतं' म्हणालीस म्हणूनच बोकड कापला होता," एव्हारिस्तो म्हणाला आणि फोन ओब्दुलियाकडे दिला.

"जाईल तो," ओब्दुलियाने परस्पर सांगून टाकलं. "मी बघते."

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "तू एकटी मागच्या खोलीत राहशील?"

"फेफा आहे."

"तिच्या मते तू गेलीस."

"म्हाताऱ्या, अडतीस वर्षं मी तुला बघतेय. महिनाभर नाही बघितलं तर माझे डोळे जाणार नाहीत."

तिने त्याची बॅग भरली. लोकरीची बनियनं, कॉफीची पुडी, याहायराला आवडतो तो पेरूचा मुरंबा.  दोघं एकमेकांना वस्तू देत-घेत होती, दुकानात देतात तशा.

चार तारखेला सकाळी आठ वाजता चेलोची गाडी आली. गावातल्या सगळ्यांना विमानतळावर पोचवणारा हाच चेलो. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या एव्हारिस्तोला तो मानाने मास्तर म्हणायचा. त्याने पुढच्या बंद दाराशी हॉर्न वाजवला. मग आठवण होऊन मागच्या बाजूला आला. एव्हारिस्तो नवे बूट घालून मागच्या अंगणात बसला होता. शेजारी ओब्दुलिया ताटात राजमा निवडत होती.

"चला मास्तर. दोनचं विमान, रस्त्यात पुलाचं काम चालू आहे."

"हो," एव्हारिस्तो म्हणाला. त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. मग ते तसेच राहिले.

"बॅग कुठाय?"

"ती काय."

चेलोने बॅग उचलून गाडीत ठेवली आणि परत आला. एव्हारिस्तो बसलेलाच. त्याने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मास्तर?"

"तू बस ना. कॉफी घे."

चेलोने कॉफी घेतली. ती पिऊन झाली. फेफा त्या दिवशी सकाळीच बर्फ घेऊन आली, चेलोला बघून दारातच थबकली. "गेला का तो?" तिने ओब्दुलियाला हळूच विचारलं.

"जातोय," ओब्दुलिया म्हणाली.

एव्हारिस्तोने परत गुडघ्यांवर हात ठेवले. उठायचं काय, उठता येत होतं. पाय दुखत नव्हते. पण उठल्यावर जे जे करायचं होतं, ते दुसऱ्याच कोणीतरी करायचं आहे असं त्याला वाटत होतं, आणि तो दुसरा अजून आला नव्हता.

"मास्तर, विमान म्हणजे आपली बस नव्हे," चेलो म्हणाला. "हात दाखवला की थांबत नाही."

"माहीत आहे."

"मग येताय का? साडेनऊ झाले."

एव्हारिस्तोने आणखी एक खडा काढला.  "नाही," तो म्हणाला. "तिचा कागद आल्यावर बघू."

 फेफाने रडायची तयारी केली, पण कशासाठी ते न कळून थांबली. चेलो गाडीतून बॅग काढून घेऊन आला आणि ती जिथून उचलली होती तिथेच, अगदी त्याच फरशीवर, ठेवून गेला.

"आज मुदत संपते," ओब्दुलिया म्हणाली.

"हो."

"तुझं सगळं परत करावं लागेल. फोटो, रक्त, सगळं."

"करू."

"आणि तुझ्या छातीत डाग निघाला म्हणजे?"

"मग तू पुढे जा."

"वेडा आहेस," ओब्दुलिया म्हणाली. चिडून म्हणाली असं नाही, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं. मग तिने ताट थोडं त्याच्याकडे सरकवलं, म्हणजे अर्धा राजमा त्याच्यासमोर आला. दोन वाजता दोघांनी घड्याळाकडे बघितलं. दोघांनीही दुसऱ्याने बघितलेलं बघितलं.

संध्याकाळी सव्वासहाला फोन वाजला. याहायराला कळवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि दोघांनी ते एकमेकांवर ढकललं होतं. ओब्दुलियाने फोन त्याच्या हातात दिला.

"बाबा! बाहेर पडलात का? मी दाराशीच उभी आहे, हिरवा झगा. लोक यायला लागलेत."

"नाही, बाळ. मी इथेच आहे."

"इथे म्हणजे? बॅगांपाशी?"

"घरी."

पलीकडे चाकांच्या बॅगा फरशीवरून जात होत्या. कोणीतरी कोणाला तरी स्पॅनिशमध्ये हाक मारली, कोणीतरी ओरडून ओ दिली.

"विमान चुकलं?"

"विमान वेळेवर गेलं असणार."

"मग झालं काय, बाबा?"

एव्हारिस्तोला खरंच सांगायचं होतं. त्याने शोधून बघितलं, पण सांगण्यासारखं काही हाताला लागेना.

"तुझ्या आईने भात टाकलाय," तो म्हणाला.

 याहायराने फोन ठेवला नाही, म्हणून त्यानेही ठेवला नाही. ओब्दुलिया दोन ताटं घेऊन आली, एक त्याच्यासमोर ठेवलं, आणि आपलं घेऊन शेजारी बसली. न्यूजर्सीत बॅगा जात होत्या. थोड्या वेळाने त्याने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि जेवायला सुरुवात केली.