दुसऱ्या खुर्चीसाठी स्पीकर

खोलीत स्पीकरच्या तीन जोड्या होत्या: एक घरची जुनी, दोन दुकानातून आठवड्याच्या बोलीवर आणलेल्या. एक अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, प्रतिध्वनी शोषायला भिंतींवर लावलेल्या सहा जाड गाद्या आणि दोन खुर्च्या. एक खुर्ची शिगेनोरी हिदाकाच्या वजनानं दबली होती. दुसरी वर्षभर तशीच फुगलेली होती. खिडकीबाहेर अंगणात विजेचा खांब. तोही त्याचाच. शेजाऱ्यांच्या फ्रिजची खरखर गाण्यात नको म्हणून गेल्या वसंतात त्यानं तो उभारून घेतला होता.

निवृत्तीनंतर दुपारी दोघांनी मिळून संगीत ऐकायचं, हे त्याचं आणि किनुकोचं लग्नापासून ठरलेलं. पण हल्ली त्याला व्हायोलिन गोधडीतून आल्यासारखं वाटे. म्हणून त्यानं आधी वायरी बदलल्या, मग गाद्या लावल्या, मग खांब उभारला. प्रत्येक वेळी तार स्वर थोडे वाढवले, आणि प्रत्येक वेळी किनुको थोडी लवकर उठून जाऊ लागली. आता तर ती आत येतच नव्हती. नवे स्पीकर तिला परत आणतील, एवढ्याच आशेवर तो होता.

दुकानदार सेगावा नापसंत जोडी परत न्यायला आला होता.

"पहिली घेऊन जा," शिगेनोरी म्हणाला. "आवाजावर झाकण ठेवल्यासारखं वाटतं. ही दुसरी ऐका. काय स्वच्छ आहे!"

रेकॉर्ड सुरू होताच सेगावानं डोळे घट्ट मिटले, साबण गेल्यावर मिटावेत तसे.

"हिदाका-सान, तार स्वर जरा कमी करून बघू या?"

"कमी? अहो, आहेत कुठे ते कमी करायला?"

सेगावानं मान लववली. शिगेनोरीनं हाक मारली, "किनुको, जरा ये. एकच रेकॉर्ड."

ती हात पुसत दारात आली. "शेगडीवर मासा आहे."

"जळला तर दुसरा आणू."

"कशानं? खांब विकून?"

सेगावा उगाच खोकला. किनुको खुर्चीच्या कडेवर टेकली. व्हायोलिन वर चढलं तशी तिची बोटं कानांकडे गेली.

"टोचतंय हो. ताटावर खिळा ओढावा तसं."

"खोलीचा दोष असेल," शिगेनोरी म्हणाला आणि त्यानं मोजणीचा माईक मांडला. संगणकाच्या पडद्यावर रेघ उमटली: तार स्वर हवेत त्याहून बारा डेसिबल जास्त. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा बाराच.

"माईक बिघडलाय."

कारखान्यात गिअरपेटीला कान लावून कुठला दात झिजलाय ते सांगणारा माणूस तो. इंजिनिअर मशीन उघडण्याआधी त्याला बोलवायचे.

"वायरी बिघडल्या, भिंती बिघडल्या, अख्ख्या गावाची वीज बिघडली, आता माईक," किनुको म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "परवा तापात तुमच्या काखेत थर्मामीटर वाजत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकला. तुम्ही तसाच धरून बसला होतात."

"डोळा लागला असेल."

"तुम्ही माझ्याशी बोलत होतात."

सेगावा पाठ फिरवून वायर गुंडाळायला लागला.

"थांबा हो," किनुको म्हणाली. "तपासणीची ती नुसत्या शिट्टीची फाईल असते ना, तुमच्या फोनवर?"

सेगावानं शिगेनोरीकडे पाहिलं. शिगेनोरीनं होकारार्थी मान हलवली. शिट्टी पंधरा हजार हर्ट्झपासून हळूहळू खाली येणार होती. ऐकू आली की हात वर करायचा.

सेगावानं घरची जुनी जोडी जोडली. दोघं शेजारी बसली, डोळे मिटून. शिगेनोरीनं श्वास रोखला. शेजारची खुर्ची करकरली. त्यानं वाट पाहिली. कानांत त्याला स्वतःच्याच रक्ताचे ठोके ऐकू येत होते.

"अजून सुरू नाही केलं?" त्यानं विचारलं.

आणखी काही वेळानं त्यानं हात वर केला. सेगावानं फोन थांबवला आणि दोन्ही आकडे वाचले.

किनुकोचा हात अकरा हजार हर्ट्झला वर गेला होता. शिगेनोरीचा तीन हजार सहाशेला.